झाकण राहिलं!

बंदराच्या त्या गावात तिला तिच्या खऱ्या नावाने हाक मारणारं माणूस एकच होतं, तिची आई, आणि तीही आता राहिली नव्हती. बाकी सगळ्यांसाठी ती खोकलाबाई. दवाखान्याच्या हजेरीपुस्तकात तिच्या पदाचं नाव चांगलं दोन ओळींचं होतं, पण ते कुणी पुरतं उच्चारेपर्यंत बाई पुढच्या गल्लीत पोचलेली असायची. वय पन्नाशीच्या पुढे, अंग भरलेलं, गुडघे कुरकुरणारे, आणि चालणं असं की बघणाऱ्याला वाटावं, हिच्या घराला आग लागली आहे. तिला सावकाश चालताना पाहिलेला माणूस गावात शोधून सापडला नसता.

तिचं काम ऐकून लोक नाक मुरडायचे. ती बेडके गोळा करायची. दोन आठवड्यांहून जास्त खोकणारं माणूस दिसलं की त्याला उघड्यावर न्यायचं, हातात झाकणाचा छोटा प्लास्टिकचा डबा द्यायचा, छातीच्या तळातून खोकायला लावायचं आणि जे येईल ते प्रयोगशाळेत पोचवायचं. तिथे ते काचेवर पसरून, रंग देऊन, त्यात क्षयाचे जंतू दिसतात का ते बघत. दिसले तर सहा महिने गोळ्या. त्या रोज डोळ्यांदेखत गिळायला लावायचं कामही तिचंच.

सोपं वाटतं? करून बघा. शंभरातले नव्वद जण डब्यात लाळ थुंकतात आणि वर "घ्या बाई, झालं" म्हणतात. खोकलाबाई डबा उजेडात धरायची आणि म्हणायची, "ही लाळ झाली. लाळ काय, मला माझीसुद्धा आहे. मला बेडका पाहिजे. तोंड खळखळून धुवा, दोन खोल श्वास घ्या, आणि तिसऱ्याला असे खोका की पायाच्या अंगठ्याला कळलं पाहिजे." आणि स्वतः खोकून दाखवायची. ते ऐकून गल्लीतली कुत्री उठून उभी राहत.

नवरा बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. साधा माणूस. त्याची संसारात एकच मागणी होती: जेवताना बेडक्याचं नाव काढायचं नाही. ती तिने एक दिवसही पाळली नाही. "अहो, आज काय नमुना मिळालाय म्हणून सांगू! घट्ट, पिवळा, असा चमचाभर!" नवरा ताट उचलून मुकाट्याने पायरीवर जाऊन बसायचा.

गाव सात-आठ हजार वस्तीचं, पण हंगामात प्रत्येक बोट शे-दोनशे पाहुणे उतरवून जायची. कुणी समुद्र बघायला येई, कुणी कामाला, कुणी नुसतंच भटकायला. पाहुणे होते म्हणून लॉज होते, लॉज होते म्हणून चुली पेटत होत्या. त्यामुळे गावात एक शब्द बोलायची चोरी होती. टीबी. लॉजवाल्यांनी एकदा खोकलाबाईला बोलावून हात जोडून सांगितलं होतं, "बाई, काम करा, पण तो पांढरा कोट घालून आमच्या दारात येऊ नका. पाहुणे पळतील." तेव्हापासून ती डबे शिंप्याच्या कापडी पिशवीतून न्यायची. गावकरी म्हणत, हा रोग पाहुणे आणतात. पाहुणे म्हणत, या गावात आल्यावर लागला. ती दोघांनाही म्हणायची, "कुणी आणला ते भांडत बसा. तोवर तो पुढच्या बोटीने जातोय."

पण रस्त्यात त्या रोगाचं नाव ती घेत नसे, ते काही लॉजवाल्यांच्या भिडेने नाही. तेवीस वर्षांपूर्वी ती स्वतः याच गावातल्या एका लॉजवर चादरी धुवायला होती. खोकला झाला, निकाल आला, आणि कुणीतरी तो चारचौघांत मोठ्याने वाचला. दुपारपर्यंत तिची पिशवी मागच्या पायरीवर आली होती. मग दवाखान्यातली एक म्हातारी नर्स सहा महिने रोज तिच्या दारात यायची, गोळ्या गिळायला लावायची, आणि शेजारणींनी विचारलं तर "भाची आहे माझी, सहज आले" म्हणायची. गोळ्यांनी ती जगली आणि त्या म्हातारीच्या बंद तोंडामुळे माणसांत राहिली. असं तिचंच म्हणणं होतं, आणि ते सांगताना तिचा आवाज कधी नव्हे तो खाली यायचा.

नव्याने कामाला लागणाऱ्या मुलींना ती दोन नियम ओरडून ओरडून शिकवायची. एक, नंबर डब्याच्या अंगावर लिहायचा, झाकणावर कधीच नाही. "झाकण म्हणजे पाहुणा. आज या डब्यावर, उद्या त्या!" दोन, एका वेळी एकच माणूस, एकच डबा. पंधरा वर्षांत तिच्या हातून यात चूक झाली नव्हती, आणि हे ती कुणी विचारलं नाही तरी सांगायची. आणि मग एका सकाळी तिने दोन्ही नियम एकदमच मोडले.

त्याचं असं झालं. निळ्या खिडक्यांच्या लॉजवर त्या सकाळी दोन गिऱ्हाइकं होती. एक टोपीवाले. हे दूरदेशचे निवृत्त सुतार, दरवर्षी तीन महिने यायचे, गवताची टोपी घालून हिंडायचे, लॉजच्या मोडक्या खुर्च्या हौसेने दुरुस्त करायचे. भाषा मोडकीतोडकी, पण बोलायची भीड नाही. लहानमोठ्या सगळ्यांना "तू" म्हणायचे. महिनाभर खोकत होते आणि भुशाला दोष देत होते. दुसरी, लॉजवरची चादरवाली. तिशीची बाई, कामाला वाघ, पण लाजरी इतकी की शिंक आली तरी दाराआड जाऊन शिंकायची. तिला तीन आठवडे कोरडा खोकला होता.

डबे नवीन आले होते आणि त्यांची अंगं इतकी गुळगुळीत की पेन धरेना. चिकटवायच्या चिठ्ठ्या संपलेल्या. बाईने जीभ चावली आणि झाकणांवरच आकडे टाकले. अकरा टोपीवाल्यांचा, बारा चादरवालीचा. 'आजच्या दिवस,' ती स्वतःशीच म्हणाली.

लॉजच्या गच्चीवर वारा मस्त होता. चादरवाली डबा हातात धरून उभी, आणि तोंडातून खोकला काही निघेना. "माझ्याच्याने नाही होत हो." बाई खोकून दाखवते आहे, पाठ थोपटते आहे, पण ही आपली ओठ मिटून लाल झालेली. तेवढ्यात टोपीवाले पुढे झाले.

"तू लाजतो. आपण शर्यत करू. मी, तू, एकदम! बाई, तू एक-दोन-तीन म्हण!"

आता बाईने म्हणायला हवं होतं की एका वेळी एकच माणूस. पण चादरवाली त्या क्षणी हसली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा हसली असेल. बाईचं मन विरघळलं. तिने दोघांना गच्चीच्या दोन टोकांना उभं केलं, मध्ये स्वतः उभी राहिली आणि ओरडली, "एक... दोन... तीन!"

काय खोकले दोघं! टोपीवाल्यांचा खोकला खोल विहिरीतून घागर यावी तसा आला, डब्यात चांगला चमचाभर ऐवज घेऊन. चादरवालीला खोकण्यापेक्षा हसूच जास्त फुटलं. तिच्या डब्यात नुसता फेस. बाईने दोन्ही डबे कठड्यावर ठेवले, शेजारी त्यांची झाकणं, आणि तेवढ्यात वाऱ्याने दोन्ही झाकणं उडवली. एक गच्चीभर घरंगळत सुटलं. बाई मागे, झाकण पुढे! टोपीवाल्यांनी टोपी काढून अशी फेकली की झाकण बरोबर टोपीखाली. "झाकण पकडला!" म्हणून ते नाचले. तिघंही पोट धरून हसत होते. हसत हसतच बाईने दोन्ही झाकणं पुसली आणि डब्यांवर लावली.

"मी जिंकलो," टोपीवाले म्हणाले.

"जिंकलात," बाई म्हणाली. चादरवालीचा नमुना वायाच आहे, हे तिने पाहिलं होतं. पण दुसरा उद्या सकाळी घ्यायचाच असतो, तेव्हा घेऊ चांगला, असा तिने विचार केला.

टोपीवाल्यांनी खिशातून एक कागद काढला. ते मोबाईल बाळगत नसत, सुट्टीवर आहे म्हणायचे. मुलीने पाठवलेला फोटो त्यांनी लॉजच्या कचेरीतून छापून घेतला होता. गाठोड्यात गुंडाळलेलं एक लालबुंद, चिडकं तोंड. "माझा नात. दहा दिवस! उद्या पाचची बोट, मग विमान, मग हातात." आणि त्यांनी रिकामे हात पाळण्यासारखे हलवून दाखवले.

दुसऱ्या दिवशी निकाल आला. अकरा नंबर साफ. बारा नंबर जंतूंनी भरलेला. फेसातही कधीकधी जंतू सापडतात, अशी बाईने स्वतःची समजूत घातली, आणि निकाल आल्यावर दुसरा नमुना घ्यायचाही राहूनच गेला.

अकरा वाजता बाई लॉजवर आली. टोपीवाल्यांना आनंदाने म्हणाली, "यात काही नाही निघालं. घरी गेल्यावर छातीचा फोटो काढून घ्या, आणि नातीचा पापा घ्या माझ्याकडून." चादरवालीला तिने पाण्याच्या टाकीमागे नेऊन, हात हातात घेऊन हळू सांगितलं. पण गोळ्यांचं पाकीट लपवायला चादरवालीला वेळ मिळाला नाही. लॉजच्या मालकीणबाईंनी ते पाहिलं. पुढे काय झालं ते बाईला पाठ होतं. तेवीस वर्षांपूर्वी ती ते एकदा जगली होती. ती मालकीणबाईंशी भांडली, समजावलं, पुन्हा भांडली. पालथ्या घड्यावर पाणी. "संध्याकाळच्या गाडीने गावी जाऊ दे तिला," एवढंच त्या म्हणत राहिल्या. बाई रागाने धुमसत दवाखान्यात परतली.

चार वाजून चाळीस मिनिटांनी ती रजिस्टर द्यायला प्रयोगशाळेत शिरली. तिथे दुर्बीणदादा काचा धूत होते. जाड भिंगांचा चष्मा, बारीक आवाज. पंधरा वर्षं ते सांगत होते की याला सूक्ष्मदर्शक म्हणतात, दुर्बीण लांबचं बघायला असते, आणि पंधरा वर्षं कुणी ऐकत नव्हतं.

"बाई, तुमचा कालचा बारा नंबर! वा! असा नमुना वर्षातून एखादा. घट्ट, पिवळा. काचेवर पसरला तर निळ्यावर लाल काड्याच काड्या, मोजता येईनात." मग त्यांनी शेऱ्याच्या रकान्यात काहीतरी लिहीत मान हलवली. "अकरा मात्र फुकट गेला. नुसता फेस. तुम्ही लाळ आणलीत? तुम्ही?"

बाई रजिस्टर पुढे करत होती, तिचा हात तसाच राहिला.

"फेस बाराचा होता," ती म्हणाली.

"नाही हो. अकराचा. हे बघा, झाकणावर..."

झाकणावर! तिच्या डोळ्यांपुढे ती गच्ची आली, तो वारा आला, टोपीखालचं झाकण आलं, स्वतःचा हसणारा हात आला. तो घट्ट पिवळा चमचाभर ऐवज तिने स्वतःच्या डोळ्यांनी कुणाच्या तोंडातून येताना पाहिला होता! छाती भरून जंतू घेऊन टोपीवाले वीस मिनिटांत बोटीने निघणार, मग दहा तास बंद विमानात, आणि मग त्या दहा... आता अकरा दिवसांच्या जिवाच्या तोंडाजवळ तोंड नेणार, तिच्याच सांगण्यावरून! आणि इकडे त्यांच्या खोकल्यापायी दुसरीच बाई पायरीवर बसली आहे. एक चूक, तिची स्वतःची, पाचच्या भोंग्याच्या आत निस्तरायला हवी होती.

"दादा, स्कूटर काढा."

"अहो, काचा..."

"काचा गेल्या खड्ड्यात! स्कूटर!"

लॉजला फोन लावला तर टोपीवाले सामान घेऊन केव्हाच निघाले होते. मग तिने स्कूटरच्या मागच्या सीटवरून डॉक्टरांना फोन केला, आणि वाऱ्यावर ओरडून, एका दमात, काहीही न गाळता सगळं सांगितलं. "चूक माझी आहे, डॉक्टर. झाकणावर लिहिलं मी. मी!"

"तुम्हाला मी उद्या रागावतो," डॉक्टर म्हणाले. "आधी माणूस उतरवा. आणि बाई, धक्क्यावर..."

"रोगाचं नाव घेणार नाही. जीभ तोडीन."

आता दुर्बीणदादांची एक गंमत अशी, की केसाहून बारीक जंतू ज्यांना दिसायचा त्यांना रस्त्यातला बैलाएवढा गतिरोधक दिसत नसे. स्कूटर मात्र ते चालवायचे मुंगीच्या पावलांनी. एक सायकलवाला त्यांना मागे टाकून गेला. मग एक म्हातारा पायी. "दादा, पिळा! पिळा तो हात!" बाईने मागून त्यांच्या हातावर हात ठेवला आणि स्वतःच पिळला. स्कूटर किंचाळली. भाजीच्या टोपल्या, छत्रीवाला, पाहुण्यांचा एक अख्खा घोळका, सगळे भिंतीला चिकटले. गतिरोधकावर दोघंही सीट सोडून हवेत गेले आणि नशिबाने त्याच सीटवर परत आले. "देवा!" दादा म्हणाले. "नंतर!" बाई म्हणाली.

धक्क्यावर पोचले तेव्हा पाचला चार मिनिटं होती आणि खलाशी बोटीवर चढायची फळी ओढून घेत होते. वरच्या डेकवर दोनेकशे माणसं कठड्याला लागून उभी. त्यात ती गवताची टोपी.

"टोपीवाले!" बाईने अशी हाक मारली की बगळे उडाले. ते वळले, ओळखून हसले आणि दोन्ही हात हलवायला लागले.

आणि बाईच्या तोंडात तो शब्द आला. एक शब्द टाकला असता तर बोट जागच्या जागी थांबली असती. पण मग दोनशे माणसं त्या टोपीपासून फाटल्यासारखी बाजूला झाली असती, आणि मधे तो एकटा उभा राहिला असता. हे तिला दिसलं. स्पष्ट दिसलं. तिने शब्द गिळला आणि हाताला पिशवीत जे लागलं तेच तोंडातून बाहेर पडलं.

"झाकण! तुमचं झाकण राहिलं!"

"काय?"

"झाकण! डब्याचं!"

कठड्यावरची माणसं मदतीला धावली. "ओ टोपी, तुमच्या डब्याचं झाकण राहिलंय म्हणे!" "बायको आहे का हो त्यांची?" "एका झाकणासाठी एवढा आरडाओरडा?" टोपीवाले खदखदून हसले आणि ओरडले, "ठेव तू! आठवण!"

भोंगा वाजला. बाईने पिशवीतून दोन कोरी झाकणं काढली, दोन हातांत डोक्याच्या वर धरली, उजवं आणि डावं. त्यांच्याकडे बघत राहिली, ते आपल्याकडे बघेपर्यंत. मग हळूच दोन्ही हात एकमेकांवरून नेले. उजव्याची जागा डाव्याने घेतली, डाव्याची उजव्याने. पुन्हा एकदा केलं. आणि हसली नाही.

टोपीवाल्यांचं हसू अर्धं राहिलं. त्यांनी स्वतःच्या छातीकडे बोट केलं. बाईने मान हलवली. हो.

ते सामान उचलून जिन्याकडे धावले.

"बाई, वेळ झाली, फळी उचलली!" खालचा खलाशी ओरडला.

"लाव परत! इंजिनवाल्याची बायको आहे मी! पुढच्या वेळी भर समुद्रात बंद पडलात तर कुणाला हाक मारणार आहेस?"

फळी परत लागली. टोपीवाले उतरले आणि बोट त्यांच्याशिवाय गेली. कुणीतरी वरून अजून विचारत होतं, "मिळालं का झाकण?"

धक्क्याच्या टोकाला, जिथे वारा खुला होता, तिथे बाईने त्यांना बाकावर बसवलं, तोंडाला बांधायला मास्क दिला, आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. काय निघालं, कुणाचं निघालं, कुणी घोळ घातला. "चूक माझी आहे," ती म्हणाली. "तुम्ही मला काय बोलायचं ते बोला."

टोपीवाल्यांनी खिशातला कागद काढला. बराच वेळ बघितला. "परवा मी हिचा पापा घेणार होतो," ते म्हणाले. मग, "बाई, तू काय केलंस!"

हे त्या चुकीबद्दल होतं की बोटीबद्दल, तिला कळेना. तिला एकदम रडूच आलं. पंधरा वर्षांचा तोरा, ते ओरडून शिकवलेले नियम, सगळं त्या रडण्यातून वाहून गेलं. दुर्बीणदादा दुसरीकडे बघत चष्मा पुसत राहिले.

"म्हणजे," टोपीवाले जरा वेळाने म्हणाले, "शर्यत खरंच मी जिंकलो."

बाई रडता रडता हसली. "जिंकलात हो. आता आधी परत एकदा डब्यात खोका, पक्कं करू. मग गोळ्या. काही आठवड्यांनी बेडका पुन्हा बघायचा, त्यात जंतू दिसेनासे झाले की डॉक्टर चिठ्ठी देतील, उरलेल्या गोळ्या तिकडे घ्यायच्या. नात कुठे पळून जात नाही. अकरा दिवसांची आहे, तिला चालता तरी येतंय का?"

"आणि ती? चादरवाली? माझ्या खोकल्याचं तिला..."

"तिचं मी बघते. तुम्ही दादांबरोबर दवाखान्यात जा, मागची हवेशीर खोली आहे. तुमचं नाव कुणाला कळणार नाही."

एवढं म्हणून ती सुटली. निळ्या खिडक्यांचा लॉज धक्क्यापासून दोन वळणांवर होता.

मागच्या अंगणात, पायरीवर, चादरवाली पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. शेजारी तिचा कप आणि तिची ताटली. तीही तिच्याचबरोबर काढली होती. त्यातून आता दुसरं कोण खाणार? बाईच्या डोक्यात सणक गेली. तिने स्वयंपाकघराच्या दाराशी उभं राहून हाक मारली आणि मालकीणबाई, स्वयंपाकी, झाडूवाली, सगळे बाहेर आल्यावर म्हणाली, "ऐका. आज सकाळचा निकाल हिचा नाही. डब्यांची झाकणं माझ्या हातून बदलली. चूक माझी. हिला आत घ्या."

चादरवाली उठून उभी राहिली. "म्हणजे मला नाही?"

"नाही असं मी म्हणणार नाही. तुझा डबा फुकट गेला. उद्या सकाळी नीट खोकायचंय तुला, मग कळेल. पण आहे, असं म्हणायला आज कुणाकडे काही नाही."

मालकीणबाईंनी भुवया आवळल्या. "झाकणं बदलली. बरं. मग तो निकाल कुणाचा?"

हे बाईच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"काल गच्चीवर दोघंच होते ना?" स्वयंपाकी म्हणाला. त्याने बोटं मोजायला काढली. दोनच तर मोजायची होती. "एक ही. आणि दुसरे..."

काय करावं? नाव घेतलं तर तेवीस वर्षं सांभाळलेलं तोंड फुटलं. नाही घेतलं तर सगळे म्हणणार, बाई हिला वाचवायला खोटं बोलते आहे. तिला बोलायला सुचलं नाही, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं. चादरवाली तिच्याकडे बघत होती, आणि हळूहळू पुन्हा पायरीवर बसायला लागली होती.

तेवढ्यात अंगणाचं फाटक वाजलं. टोपीवाले आत आले. त्यांच्यामागे, हात हवेत उडवत, दुर्बीणदादा. "मी सांगितलं इकडे नाही, तिकडे! ऐकतच नाहीत!"

टोपीवाले अंगणाच्या मध्यावर, सगळ्यांपासून चांगलं अंतर ठेवून थांबले. मास्क नीट केला. डोक्यावरची टोपी काढली.

"तो खोकला माझा," ते म्हणाले. "तिचं फक्त झाकण."

झाडूवालीने तोंडावर हात नेला. स्वयंपाक्याची दोन बोटं तशीच वर राहिली होती, ती त्याने खाली घेतली. टोपीवाल्यांनी टोपी परत घातली, चादरवालीकडे बघून मान लववली, आणि ज्या वाटेने आले त्याच वाटेने दवाखान्याकडे निघाले.

चादरवाली उठली. पिशवी तिने तिथेच पायरीवर राहू दिली. कप आणि ताटली उचलली, मालकीणबाईंच्या अंगावरून स्वयंपाकघरात गेली, आणि तिचा कप फळीवर बाकीच्या कपांच्या मधोमध ठेवला. मालकीणबाई बघत राहिल्या. काढ, म्हणाल्या नाहीत.